सहावं नाव

"नजर हलवू नकोस, पोरी. आता चालते आहे ती. मग पळेल."

आवाज आल्सिद मामाचा. मी चार वर्षांची असेन. पालथ्या बादलीवर मला उभं केलेलं, समोर काहील, काहिलीत मेपलचा रस, आणि त्यावरून उठणारी वाफ इतकी दाट की मामा कमरेच्या वर नव्हताच. नुसता आवाज होता, वाफेतून येणारा, गोड वासाचा. पुढच्या हिवाळ्याआधी तो सीमा ओलांडून क्युबेकला आपल्या माणसांत परत गेला. त्याचा चेहरा माझ्याकडे उरला नाही, आवाज उरला.

तो सांगत होता ते खरंच होतं. गुऱ्हाळात दिवसभर रस उकळतो आणि काहीच होत नाही. चुलाणात लाकडं जळतात, वाफ छपराच्या झरोक्यातून डोंगराकडे जाते, तापमापकातला पारा मात्र जागचा हलत नाही, झोपल्यासारखा. दुपार कलते. पारा अर्धा अंश सरकतो, पुन्हा डुलकी घेतो. पाण्याच्या उकळीहून सात अंश वर गेला की रसाचा पाक झाला. पहिल्या दोन अंशांना अख्खी दुपार लागते. आणि मग कधीतरी, तुमचं लक्ष खिडकीबाहेरच्या चिमणीकडे असताना, काहील पळायला लागते. शेवटचे अंश ती अशी चढते की हातात पळी नसेल तर सगळं करपून जातं.

मला लहानपणापासून एवढंच विचारायचं होतं. पळते म्हणजे किती जोरात? दिवसाचा हिशेब नको, तासाचा नको. आत्ता. मी पापणी मिटते आहे त्या आत्ता किती?

आमचं गाव व्हरमाँटमध्ये, उत्तरेला, दोन डोंगरांच्या खांद्यांत. मार्चमध्ये रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं, तेव्हा झाडांतून रस टपकतो. आम्ही मुली शाळेतून आलो की बादल्या रिकाम्या करत झाडामागून झाड घ्यायचो, आणि झाडं मोजायला विसरू नये म्हणून गायचो:

थेंबा थेंबा, कुठून आलास?
मुळांच्या घरून, बर्फाच्या खालून.
थेंबा थेंबा, कुठं निघालास?
बादलीच्या पाळण्यात, डुलत चालून.

एका कडव्याला एक झाड. मी गाता गाता थांबायची. बादलीत पडणाऱ्या थेंबांकडे बघत राहायची. सकाळी थेंब सावकाश, उन्हं चढली की भराभर, सावली आली की पुन्हा सावकाश. आई खालून हाक मारायची की ओदील, झाड दूध देत नाहीये, त्याची धार बघत बसू नकोस, पुढं हो.

नववीत असताना मी तो प्रश्न पेल्की सरांना विचारला. आमच्या शाळेत वरच्या चार इयत्तांना गणित शिकवणारे ते एकटेच. उंच, वाकलेले, कोटाच्या कोपरांना खडूची पांढरी ठिगळं. त्यांनी प्रश्न ऐकला, खडू खाली ठेवला, आणि म्हणाले, "ते पुढे आहे."

पुढे. मला वाटलं ते एक ठिकाण आहे. जसं आमच्या डोंगरामागे आणखी एक डोंगर आहे, निळा, आणि त्याच्यामागे जवळजवळ आकाशच असलेला तिसरा. मी वर्षभर त्या पुढेकडे चालत राहिले.

दहावीच्या फेब्रुवारीत पिवळे कागद आले.

दर वर्षी येतात ते. पुढल्या वर्षी काय शिकायचं ते दहावीतल्या मुलांनी त्यावर लिहायचं, घरच्यांनी सही करायची, आणि गावसभेच्या आठवड्यातल्या शुक्रवारी कागद परत द्यायचा. गणिताच्या ओळीपुढे एक चौकोन असतो. त्यात आधी गणिताच्या शिक्षकांनी आपलं मत लिहायचं. मुलाला ते पटलं नाही तर एक निळा कागद मिळतो. त्यावर घरच्यांनी लिहून द्यायचं की शिक्षकाचा सल्ला बाजूला ठेवून आम्ही आमच्या जबाबदारीवर निवड करतो आहोत. निळा कागद शाळेत होता, पण तो भरलेला मी कधी पाहिला नव्हता. ज्या गावात शिक्षक तुमच्या शेजारच्या बाकावर प्रार्थनेला बसतो, तिथे असा कागद कोण भरणार?

विषयांच्या छापील यादीत अकरावीसाठी दोनच गणितं होती. एक व्यवहारी गणित: कर, विमा, खोलीला किती गालिचा लागेल. दुसरं वरचं गणित, दोन वर्षांचं, ज्याच्या शेवटाला कॅल्क्युलस. म्हणजे बदलणाऱ्या गोष्टींचं गणित. माझं पुढे. त्या नावाजवळ एक चांदणी छापलेली होती, आणि पानाच्या तळाशी दुसरी चांदणी, तिच्यापुढे बारीक अक्षरांत: किमान सहा नावं आल्यास.

हे वरचं गणित कुणी शिकल्याचं आठवणारं माणूस गावात नव्हतं. दर वर्षी ते यादीत उगवायचं आणि यादीतच मावळायचं. मला ते आवडायचं. दूरच्या एखाद्या घरात दिवा दिसावा आणि त्या घराला रस्ता नसावा, तसं.

विषय निवडायला मदत करणाऱ्या स्टॉडर्ड बाईंकडे मी गेले. त्या खणात लिमलेटच्या गोळ्या आणि सगळ्या गावाची भविष्यं ठेवायच्या. त्यांनी एक गोळी मला दिली, एक स्वतः घेतली, आणि चष्मा नाकावर सरकवून कागद पाहिला. मग इकडेतिकडे बघून हळूच सांगितलं की यंदा पाच नावं आहेत. कॉबांची जुळी, डॉक्टरांचा मुलगा, आणि वरच्या खोऱ्यातल्या दोन मुली.

मी त्यांना विचारलं की म्हणजे मी सहावी का.

त्या म्हणाल्या की हायरम पेल्कींनी चौकोनात होकार लिहिला की मग तू सहावी. बत्तीस वर्षं मी ही चांदणी टंकते आहे गं, एकदा तरी ती खोडायला मिळू दे.

त्या दिवशी घरी जाताना बर्फ पडत होता, वारा नसलेला, सरळ खाली येणारा, आणि मी प्रत्येक कणाला विचारत होते की तू किती वेगाने येतो आहेस. मी इतकी सुखात होते की रस्ता कधी संपला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकोन भरून आला. सरांच्या बारीक, उभ्या अक्षरात दोन शब्द: व्यवहारी गणित.

मला आधी वाटलं की कागद दुसऱ्या कुणाचा आहे. वर माझंच नाव होतं. ओदील गॅबरी. वर्ग सुटल्यावर मी सरांच्या टेबलाशी उभी राहिले. ते वह्यांचा गठ्ठा सारखा करत राहिले, सारखाच असलेला. म्हणाले की तुझी उत्तरं बरोबर येतात, पण पायऱ्या नसतात. मधलं काही लिहीत नाहीस. स्वप्नात चालल्यासारखी इथून तिथं जातेस. वरच्या गणितात ते चालायचं नाही.

खरं होतं ते. मग मी पायऱ्या लिहायला लागले. दहा दिवस. अगदी दोन अधिक दोनसुद्धा जिना बांधल्यासारखं. माझ्या वहीत पाय ठेवायला जागा राहिली नाही इतक्या पायऱ्या झाल्या. सरांनी त्या तपासल्या, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण केली, आणि चौकोन तसाच ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "बघू." पुन्हा विचारलं तर म्हणाले की शुक्रवारला अजून वेळ आहे. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर जात होती, तिथे काहीच नव्हतं.

निळा कागद मी घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर वाटाण्याच्या सूपच्या भांड्याशेजारी ठेवला.

पपांनी तो वाचला. सावकाश, ओठ हलवत. मग घडी घालून मीठदाणीखाली सरकवला. पपा बोलायला लागले की आधी हात पुसायचे, तसे त्यांनी पुसले.

"हायरम बारा वर्षं माझ्या चुलाणापाशी बसतो आहे," ते म्हणाले. "तुझा मामा गेला तेव्हा तो न सांगता आला, आग त्यानं धरली. त्याचं नि माझं कशावर लिहूनबिहून नाही. आणि आता मी कागदावर लिहू, की हायरम, तुझ्या शब्दावर माझा विश्वास नाही?"

आई म्हणाली की लुसियन, तुझी पोर गालिच्याची मापं काढायला जन्माला आलेली नाही. आणि आपल्या घरात गालिचाही नाही.

"मग हायरमलाच पटवू दे तिला," पपा म्हणाले. "त्याचा हो आला तर मी दोनदा सही करतो. त्याच्या नाहीवर एकदाही नाही."

आईने सूप वाढता वाढता म्हटलं की दोन बैल एका गोठ्यात बारा वर्षं राहिले की कोण कुठला हे त्यांनाही कळत नाही. पपा हसले. मला हसू आलं नाही. निळा कागद मिठाखाली राहिला.

मग गावसभेचा मंगळवार आला.

मार्चचा पहिला मंगळवार म्हणजे शाळेला सुट्टी, आणि सगळं गाव सभागृहात. खालच्या मजल्यावर बायकांनी राजम्याची भांडी आणि भट्टीत भाजलेल्या सफरचंदाच्या पाईंच्या रांगा मांडलेल्या, वर माणसं जाड लोकरी कोट घालून लाकडी खुर्च्यांवर. ज्यांना मत नाही अशी आम्ही मुलं सज्जात बसायचो. काचांवर ऊन यायचं, कोट वाळायचे, खोलीभर ओल्या लोकरीची वाफ. खाली माणसं रस्त्यांवरून, बर्फावर टाकायच्या वाळूवरून, कुत्र्यांच्या परवान्यांवरून भांडत असायची, सावकाश, एकेक कलम घेऊन. मला ते आवाज गोड वाटायचे. बर्फाखालून वाहणाऱ्या ओढ्यासारखे, शब्द कळत नाहीत पण वाहतंय एवढं कळतं.

शाळेचं कलम आलं तेव्हा रस्त्यांचा मुकादम ऑरिन कॉब उभा राहिला. तो दर वर्षी उभा राहायचा. त्याने विषयांची यादी हातात धरली आणि सभापतींना विचारलं की हे वरचं गणित कुठं आहे ते मला कुणी दाखवील का. माझ्या बापाच्या वेळेपासून छापताहेत. माझ्या जुळ्यांनी घेतलंय म्हणतात. आहे का नाही? नसेल तर काढून टाका, उगाच पोरांना आशा.

हशा झाला. सभापतींनी पेल्की सरांकडे पाहिलं. सर उभे राहिले. टोपी दोन्ही हातांत.

"सहा नावं लागतात," ते म्हणाले. "सहा नावं कधी आली नाहीत."

आणि खाली बसले.

माझ्या खिशात पिवळा कागद होता. सज्जाच्या कठड्यावरून मला सरांच्या डोक्यावरचं टक्कल दिसत होतं, त्यावर खिडकीचं चौकोनी ऊन. आमच्यात रीत अशी की मत नसलेल्या माणसाला सभेत बोलायचं असेल तर त्यानं हात वर करायचा, आणि सभेने परवानगी द्यायची. दर तिघांतल्या दोघांनी हो म्हटलं तर बोलता येतं. आईने खालून वळून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी हात उचलला. खांद्यापर्यंत आला असेल. तेवढ्यात सरांनी वर पाहिलं.

त्यांचा चेहरा मी रोज पाहत होते, फळ्यासमोर, काहिलीसमोर. तसा तो कधी नव्हता. रागावलेला नव्हता. कुणीतरी दार वाजवावं आणि आत पसारा असावा, तसा होता. माझा हात आपोआप केसांकडे गेला, जणू मला केसच नीट करायचे होते. सभापतींनी विचारलं की आणखी कुणी? कुणी नव्हतं. पुढचं कलम वाळूचं.

जेवणानंतर ऊन असं पडलं की झाडं ऐकू यायला लागली. हजार बादल्यांत हजार थेंब. सभा संपायच्या आतच पपा उठले, कारण रस सभेसाठी थांबत नाही. गुऱ्हाळ पेटलं. दोन वाजता पपा आणि आई ट्रॅक्टरमागे टाकी जोडून वरच्या उतारावर गेले, आणि काहिलीपाशी मी एकटी.

मला वाटत होतं आज सर येणार नाहीत. अडीचला दार करकरलं. बूट झटकल्याचा आवाज आला. ते नेहमीसारखे आत आले, चुलाणाच्या तोंडाशी त्यांच्या ओंडक्यावर बसले, आणि लाकूड सारलं.

वाफ भरत गेली. आम्ही दोघं एकमेकांना दिसेनासे झालो. मी मळी काढत होते आणि पारा पाहत होते, त्या गोड पांढऱ्या धुक्यात सगळंच दूर गेल्यासारखं होतं, शाळा, सभा, शुक्रवार. चार वाजले असतील. पारा चार अंशांवर आला. इथून पुढे आग आवरायची असते. लाकूड घालायचं नाही, निखाऱ्यांवर न्यायचं. बारा वर्षं आग धरणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

चुलाणाचं दार वाजलं. आत आणखी एक ओंडका पडला. सुका, राळेचा. मग आणखी एक.

मी "सर" म्हणेपर्यंत काहील उठली. फेस कडेपर्यंत आला, पिवळा, फुगत जाणारा, आणि त्याखालून तो वास, करपण्याच्या एक श्वास आधीचा. मी लोण्याचा गोळा उचलून मधोमध टाकला. फेस सुस्कारा टाकून बसला. सर उठून पलीकडच्या मुठीला आले, मी अलीकडची धरली, आणि आम्ही काहील चुलाणावरून ओढून बाजूच्या दगडांवर घेतली. मी पळी बुडवून वर धरली. पाक थेंबांनी पडला नाही, कडेवरून रुंद पडद्यासारखा उतरला. झाला होता. थोडा गडद, पण झाला होता.

दार उघडं टाकलं. वाफ बाहेर गेली आणि भिंत दिसायला लागली.

आमच्या गुऱ्हाळाच्या फळ्यांवर पेन्सिलने लिहिलेलं असतं, कुठल्या साली पहिला रस कधी, किती पाक निघाला, बर्फ किती होतं. आजोबांच्याही आधीपासूनचं. त्या हंगामात मी खालच्या एका फळीवर माझं काढलं होतं. दर मिनिटाला पारा कुठे, तिथे एक ठिपका. चार दिवसांच्या चार रांगा. ठिपके जोडले तर रेघ आधी जमिनीवरून झोपल्यासारखी जाते, मग हलकेच मान उचलते, मग उभी राहते. डोंगराच्या कडेसारखी.

सर फळीसमोर उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले.

त्यांनी विचारलं की हे कुणी काढलं.

मी काढलं म्हणून सांगितलं.

"पायऱ्या आहेत," ते म्हणाले.

त्यांचं बोट रेघेवरून चाललं. काजळी लागलेलं होतं, रेघ थोडी पुसत होतं. जिथे ती मान उचलते तिथे बोट थांबलं. त्यांनी विचारलं की तुला इथे काय हवंय. मी म्हटलं की या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंतचा चढ मला काढता येतो. दोन मिनिटांतला येतो, एका मिनिटातला येतो. ठिपके जवळ आणत गेले की चढ कुठल्यातरी एका आकड्याकडे चाललाय असं वाटतं, पण मी तिथे पोचत नाही. दोन्ही ठिपके एकच झाले की भागाकारात खाली शून्य येतं आणि सगळं विझतं. मला त्या एकाच ठिपक्याचा चढ हवा आहे.

बाहेर एखाददुसरा थेंब पडत होता, सावली आल्यामुळे सावकाश.

मी खिशातला कागद काढला. त्याच्या घड्या मऊ झाल्या होत्या. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला, पण तो थांबला नाही.

"सर, मी तुमच्या विरुद्ध निळा कागद देणार नाही. पपा सही करणार नाहीत आणि मला ती नकोच आहे. तुम्ही नाही म्हणालात तर शुक्रवारी मी व्यवहारी गणित घेईन, आणि या ठिपक्याचं काय करायचं ते मला कधी कळणार नाही. पण सहा नावं आली नाहीत असं नाही. सहावं माझं होतं. मला पायऱ्या येत नाहीत असंही नाही. मग का, एवढं सांगा."

सर उठले नाहीत. फळीकडे तोंड करून बसून राहिले. मला त्यांच्या कोटाची पाठ दिसत होती, आणि मानेवरचे पांढरे, ओले केस. मग त्यांनी हात मागे केला, न वळता. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो गुडघ्यावर पसरला, खिशातून पेन काढलं, आणि चौकोनातले आपलेच दोन शब्द एका रेघेत खोडले. वर नवे लिहिले. खाली सही केली. नेहमीची, उभी, बारीक. शाई वाळायला फुंकर घातली, पण कागद परत दिला नाही.

"ऑरिन कॉब सकाळी विचारत होता ना, ते कुठं आहे म्हणून," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली होता की मी जवळ जाऊन बसले, जमिनीवर, लाकडाच्या सालींत. "मला या शाळेत शेतकी शिकवायला घेतलं होतं, ओदील. गायींचे रोग, माती, कलमं. गणिताचा मास्तर डिसेंबरात नोकरी सोडून गेला. मुख्याध्यापक म्हणाले, हायरम, जूनपर्यंत सांभाळ. तो जून अजून आलेला नाही. रोज रात्री एक धडा वाचायचा, सकाळी शिकवायचा, असं करत मी दहावीच्या पुस्तकापर्यंत आलो. पुढचंही पुस्तक घेतलं. पाच वेळा घेतलं. तुझा हा ठिपका आहे ना, याच ठिपक्यापाशी मी दर वेळी थांबलो. खाली शून्य आलं की माझंही विझतं."

त्यांनी कागदाची कड बोटाने सरळ केली.

"पाच नावं याआधीही आली होती. तीनदा. आणि सहावं आलं की मी त्याला बोलावून समजावायचो. तुझ्यात हे नाही, तुझ्यात ते नाही. एक मुलगी तर तुझ्याहून पायऱ्या नीट लिहायची, तिला मी म्हटलं तू मंद आहेस. ती आता दुकानात बसते. मला बघितलं की मान हलवते, चांगली आहे बिचारी. आज सभेत मी खोटं बोललो नाही, असं मला बोललो तेव्हा वाटलं. मग वर तुझा हात दिसला."

वरच्या उतारावरून ट्रॅक्टर उतरत असल्याचा आवाज येऊ लागला होता. त्यांनी तो ऐकला. कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळले.

"मला येत नाही ते," सर म्हणाले. "बत्तीस वर्षांत हे कुणाला सांगितलं नाही, तुझ्या बापालाही नाही. सही केलीय, ती तशीच राहील. पण सप्टेंबरात दारातून आत येशील तेव्हा माहीत असू दे, त्या वर्गात शिकवणारा कुणी नसणार. शिकणारे सात असतील."